घरची वाटणी आणि राज्यांचा वाटा

दर दोन वर्षांनीं वर्तमानपत्रांत एक बातमी येते: महाराष्ट्रांतून राज्यसभेवर अमुक इतके सभासद निवडून गेले. घरांतील वडील मंडळी ती वाचतात, तरुण मंडळी पक्षोपपक्षांचा हिशेब मांडतात, आणि बहुधा एखादी सून किंवा शाळेंत जाणारा नातू विचारतो, "पण यांना मत दिलें कोणीं? आपल्याकडे तर मतदाराची चिठ्ठीहि कोणी आणून दिली नाहीं!" प्रश्न साधा आहे, परंतु त्याचें नीट उत्तर द्यावयास बसलें म्हणजे देशाच्या घटनेचें एक मोठें अंगच उलगडून दाखवावें लागतें. लोकसभेंत माणसें मोजलीं जातात हें सर्वांस ठाऊक आहे. राज्यें कोठें मोजलीं जातात, कशीं मोजलीं जातात, व त्या मोजणींत आपल्या नांदेड-लातूरकडील माणसाच्या पदरांत काय पडतें, याचा विचार मात्र घरोघर क्वचितच होतो. तो करण्याचा या लेखाचा हेतु आहे.

मराठवाड्यांतील वाचकांस या विषयाचें अगत्य इतरांहून थोडें अधिक असावें. पुण्यामुंबईकडील माणसास १९१९ व १९३५ च्या कायद्यांनीं, अपुऱ्या स्वरूपांत का होईना, मताधिकाराची तोंडओळख करून दिली होती. नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर या बाजूचा माणूस निजामाच्या राज्यांत होता. १९३५ च्या कायद्यांत अखिल भारतीय संघराज्याची एक योजना होती. तींत कनिष्ठ सभागृहाच्या ३७५ जागांपैकीं १२५ व वरिष्ठ सभागृहाच्या २६० जागांपैकीं १०४ जागा संस्थानांस देऊं केल्या होत्या. परंतु त्या जागांवर बसणारीं माणसें संस्थानिकानें नेमावयाचीं होतीं. प्रजेनें निवडावयाचीं नव्हतीं. राज्यास प्रतिनिधि मिळावा आणि राज्यांतील माणसांस मिळूं नये, असा तो प्रकार होता. संस्थानिकांची पुरेशी संमति न मिळाल्यामुळें ही योजना कधींच अमलांत आली नाहीं. पुढें १९४६ सालीं घटनासमिति बसली. तींत संस्थानांसाठीं ९३ जागा राखल्या होत्या. हैदराबादनें मात्र आपले प्रतिनिधि धाडले नाहींत. म्हणजे देशाची घटना लिहिली जात असतां त्या सभागृहांत हैदराबाद राज्याच्या वतीनें बोलणारा कोणी नव्हता.

ता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. नोव्हेंबर १९४९ मध्यें निजामानें फर्मान काढून भारताची घटना मान्य केली. आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत नांदेडच्या शेतकऱ्यानें व लातूरच्या अडत्यानें देशाच्या विधिमंडळासाठीं आपलें पहिलें मत पेटींत टाकलें. त्या वेळीं हैदराबाद राज्याच्या वाट्यास लोकसभेच्या २५ व राज्यसभेच्या ११ जागा आल्या होत्या. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ १९५२ सालीं गुलबर्ग्याहून व १९५७ सालीं औरंगाबादहून लोकसभेवर निवडून गेले. ता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं हैदराबाद राज्याचे भाषावार भाग पडले, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, आणि १ मे १९६० पासून तो महाराष्ट्राचा झाला. इतक्या थोड्या काळांत इतक्या राज्यांच्या नांवानें मोजला गेलेला प्रदेश देशांत फारसा नसेल.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. राज्यांचा वाटा ठरवावयाचा तर दोनच मूळ मार्ग आहेत, आणि एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास ते दोन्ही परिचयाचे आहेत. समजा, एका गृहस्थास तीन मुलगे झाले. थोरल्यास एक मुलगा, मधल्यास दोन, धाकट्यास पांच. तिघे भाऊ निवर्तल्यावर आठ चुलतभाऊ वाटणीस बसले. वाटे आठ करावयाचे कीं तीन? मिताक्षरेचें उत्तर स्पष्ट आहे: तीन. धाकट्याच्या पांचांनीं आपल्या बापाच्या तिसऱ्या हिश्शांतच पांच वाटे करून घ्यावयाचे. थोरल्याचा एकुलता एक मुलगा सबंध तिसरा हिस्सा घेऊन उठतो. ज्या विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका लिहिली, तो कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या पदरीं होता. तें कल्याण म्हणजे बिदर जिल्ह्यांतील आजचें बसवकल्याण. लातूरकरांस तें परकें नाहीं. मात्र त्याच घराच्या स्वयंपाकघरांत हा न्याय चालत नाहीं. तेथें पानें मांडावयाचीं तीं डोकीं मोजूनच. धाकट्याच्या पांच मुलांस एका पानांत जेवा, असें कोणी म्हणत नाहीं.

संघराज्याचें घर याच दोन न्यायांमध्यें सांपडलेलें असतें. राज्यें म्हणजे शाखा. नागरिक म्हणजे डोकीं. शाखांचा मान राखावा तर मोठ्या राज्यांतील माणसाचें मत हलकें पडतें. डोकीं मोजावीं तर लहान राज्यें सभागृहांत दिसेनाशीं होतात.

अमेरिकेंत १७८७ सालीं घटना करतांना हाच वाद विकोपास गेला होता. अखेरीस तोड निघाली ती अशी, कीं कनिष्ठ सभागृहांत डोकीं मोजावीं व सेनेटमध्यें प्रत्येक राज्यास दोन जागा द्याव्या. आज तेथें ५० राज्यें व सेनेटचे १०० सभासद आहेत. २०२० च्या शिरगणतीप्रमाणें कॅलिफोर्नियाची वस्ती सुमारें ३ कोटी ९५ लाख व वायोमिंगची सुमारें ५ लाख ७७ हजार. सेनेटमध्यें दोघांसहि दोन दोन जागा. ही शुद्ध मिताक्षरेची वाटणी झाली. प्रथम हे सभासद राज्यांचीं विधिमंडळें निवडीत. १९१३ पासून ते थेट लोकांनीं निवडावयाचे ठरलें. जर्मनीनें निराळाच मध्यम मार्ग काढला. तेथील वरिष्ठ सभागृहांत राज्यसरकारांचे मंत्रीच बसतात. लहानमोठेपणाप्रमाणें प्रत्येक राज्यास ३ ते ६ मतें असतात. आणि एका राज्याचीं सर्व मतें एकगठ्ठा पडावीं लागतात. म्हणजे तेथें बोलतें तें राज्यच.

आपल्या घटनाकारांनीं शाखांची समता स्वीकारली नाहीं, आणि निव्वळ डोकींहि मोजलीं नाहींत. राज्यसभेच्या वाटणीसाठीं जें प्रमाण धरण्यांत आलें तें असें: वस्तीच्या पहिल्या ५० लाखांपर्यंत दर १० लाखांस एक जागा, व त्यापुढील दर २० लाखांस एक. घरांतील शाळकरी मुलांकडून हा हिशेब अवश्य करवून घ्यावा. १९५१ च्या शिरगणतींत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशाची वस्ती सुमारें ३ कोटी २० लाख होती. पहिल्या ५० लाखांच्या ५ जागा. उरले २ कोटी ७० लाख. त्यांस २० लाखांनीं भागिलें असतां साडेतेरा, म्हणजे १४. बेरीज १९. महाराष्ट्राचे राज्यसभेंतील सभासद १९६० पासून १९ च आहेत. मोठ्या राज्याची वाढ पुढें पुढें मंद व्हावी व लहानास थोडें झुकतें माप मिळावें, ही या त्रैराशिकांतील खुबी. उत्तर प्रदेशास आज ३१ जागा आहेत, तामिळनाडूस १८, आणि गोव्यास, सिक्कीमला, नागालँडला एकेक. राज्यसभेची कमाल संख्या घटनेनें २५० ठरविली असून ती आज २४५ आहे. त्यांतील २३३ राज्यांचे व कांहीं केंद्रशासित प्रदेशांचे. १२ राष्ट्रपतींनीं नेमलेले. ही वाटणी घटनेच्या चौथ्या परिशिष्टांत नोंदलेली आहे. नवीं राज्यें झालीं तेव्हां ती बदलली. परंतु दर दहा वर्षांच्या शिरगणतीबरोबर ती हलत नाहीं.

नातवाच्या प्रश्नाचें उत्तर येथें येतें. राज्यसभेसाठीं मत देतात ते विधानसभेचे निवडून आलेले आमदार. आपण आमदारास जें मत देतों, त्याच मताच्या पोटीं राज्यसभेचें मत दडलेलें असतें. पद्धति एकल संक्रमणीय मताची, म्हणजे आमदारानें उमेदवारांच्या नांवांपुढें १, २, ३ असे पसंतीचे क्रम लिहावयाचे. महाराष्ट्र विधानसभेंत २८८ सभासद आहेत. सहा जागा भरावयाच्या असून सर्वांनीं मत दिलें, तर २८८ ला सातांनीं भागावें. उत्तर ४१ हून किंचित् अधिक येतें. म्हणून निश्चित निवडून येण्यास पहिल्या पसंतीचीं ४२ मतें लागतात. जून २०२२ मध्यें सहा जागांसाठीं सात उमेदवार उभे राहिले आणि दुसऱ्या पसंतीच्या मतांस एकाएकीं किती मोल आलें, हें सर्वांनीं पाहिलें. सभासदाची मुदत सहा वर्षांची. दर दोन वर्षांनीं तिसरा हिस्सा निवृत्त होतो. आणि सभागृह सबंध असें कधींच विसर्जित होत नाहीं.

लोकसभेचा सभासद मतदारसंघाचा असतो, राज्यसभेचा राज्याचा. हा भेद आमच्या भागांतील दोन सुप्रसिद्ध पुरुषांच्या कारकीर्दींत चांगला दिसतो. शिवराज पाटील १९८० पासून लागोपाठ सात वेळां लातूरहून लोकसभेवर निवडून आले. १९९१ ते १९९६ ते लोकसभेचे सभापति होते. २००४ सालीं लातूरनें त्यांस निवडून दिलें नाहीं. त्याच वर्षीं ते महाराष्ट्राचे म्हणून राज्यसभेवर गेले व २००८ पर्यंत देशाचे गृहमंत्री राहिले. शंकरराव चव्हाण १९८० व १९८४ सालीं नांदेडहून लोकसभेवर गेले होते. १९९१ ते १९९६ या काळांत गृहमंत्रिपद सांभाळतांना मात्र ते राज्यसभेचे सभासद होते. कोणी म्हणेल, मतदारांनीं नाकारलेल्यास मागील दारानें आंत घेण्याची ही सोय आहे. दुसरा म्हणेल, अनुभवी माणूस एका मतदारसंघाच्या एका दिवसाच्या कौलामुळें देशाच्या कामास मुकूं नये, यासाठींच ही योजना आहे. दोहोंतहि तथ्य आहे. परंतु लातूरचा सभासद लातूरकरांस उत्तर देण्यास बांधलेला असतो. महाराष्ट्राचा सभासद कोणास उत्तर देतो, हा प्रश्न त्यामुळें सुटत नाहीं.

मतदारसंघ म्हणजे जिल्हा, असाहि कित्येकांचा समज असतो. तोहि बरोबर नाहीं. लातूर जिल्हा १९८२ सालीं उस्मानाबादपासून वेगळा झाला, पण लातूर नांवाचा लोकसभा मतदारसंघ त्यापूर्वीं वीस वर्षें, १९६२ पासून होता. २००८ च्या पुनर्रचनेंत नांदेड जिल्ह्याचे तीन लोकसभा मतदारसंघांत भाग पडले. भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगांव, देगलूर व मुखेड हे भाग नांदेडकडे. किनवट व हदगांव हिंगोलीकडे. आणि लोहा लातूरकडे. इकडे लातूर जिल्ह्यांतील औसा उस्मानाबादच्या मतदारसंघांत गेला. कारण एकच: तेथें डोकीं सारखीं करावयाचीं असतात, मग जिल्ह्याची वेस मध्यें आली तरी ओलांडावी लागते.

मराठवाड्यास लोकसभेंत आठ जागा आहेत. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें मराठवाड्याची वस्ती १ कोटी ८७ लाख. म्हणजे एका सभासदामागें सुमारें २३ लाख ४० हजार माणसें. साऱ्या महाराष्ट्राची वस्ती ११ कोटी २४ लाख व जागा ४८; सरासरी तितकीच येते. तेव्हां लोकसभेंत आमच्यावर आंकड्यांचा अन्याय झाला आहे, असें म्हणतां येणार नाहीं. रेल्वे, पाणी, कारखाने यांविषयीं मराठवाड्याच्या ज्या तक्रारी आहेत त्यांचें मूळ दुसरीकडे शोधलें पाहिजे. राज्यसभेंत मात्र असा हिशेबच नाहीं. लोकसभेचें सहावा हिस्सा हें प्रमाण तेथें लावलें तर एकोणिसांपैकीं तीन सभासद मराठवाड्याचे असावे. परंतु घटनेच्या दृष्टीनें राज्यसभेंत महाराष्ट्र एकसंध आहे. कोंकण, विदर्भ, मराठवाडा हे भेद तिला दिसत नाहींत. कोणत्या भागाचा माणूस पाठवावा हें पक्षाच्या मर्जीवर राहतें.

त्यांतच २००३ सालीं एक मोठा फेरफार झाला. तोंवर राज्यसभेचा उमेदवार त्याच राज्यांतील मतदार असावा लागे. संसदेनें ही अट काढून टाकली; कोणत्याहि राज्याचा मतदार कोणत्याहि राज्यांतून उभा राहूं शकतो, असें ठरलें. त्याच दुरुस्तीनें मतदानहि उघडें केलें. कुलदीप नय्यर यांनीं या दुरुस्तीस सर्वोच्च न्यायालयांत आव्हान दिलें. न्यायालयानें २००६ सालीं ती वैध ठरविली. कायदा काय आहे हें न्यायालय सांगतें व तें आम्हांस शिरोधार्य आहे. पण औचित्याचा विचार गृहस्थानेंहि करावा. थोरल्याच्या शाखेच्या वतीनें वाटणीस धाकट्याच्या घरचा माणूस बसला, तर तो प्रामाणिक असूनहि त्याचें मन कोठें ओढ घेईल? आमच्या मतें ही अट पुन्हां घालावी.

खरी कसोटीची गोष्ट याहून मोठी आहे. घटनेप्रमाणें लोकसभेच्या जागा दर शिरगणतीनंतर राज्यांमध्यें नव्यानें वाटावयाच्या होत्या. १९७६ सालीं ४२ व्या दुरुस्तीनें ही वाटणी १९७१ च्या वस्तीवर गोठविण्यांत आली. कुटुंबनियोजनाचा तो काळ होता. ज्या राज्यानें प्रजा आटोक्यांत ठेविली त्याच्या जागा कमी होऊं नयेत, हा हेतु. २००१ सालीं ८४ व्या दुरुस्तीनें ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या शिरगणतीपर्यंत वाढविली. २०२५ सालीं सरकारनें पुढील शिरगणति २०२७ सालीं घेण्याचें जाहीर केलें.

मधल्या काळांत काय झालें तें दोन राज्यांवरून पाहावें. १९७१ सालीं केरळांत एका लोकसभा सभासदामागें १० लाख ७० हजार माणसें होतीं व राजस्थानांत १० लाख ३० हजार. दोघे जवळजवळ सारखेच. २०११ सालीं केरळाचा आंकडा १६ लाख ७० हजार झाला व राजस्थानचा २७ लाख ४० हजार. म्हणजे राजस्थानांतील मतदाराचें वजन केरळांतील मतदाराच्या पाऊणपटीहूनहि कमी झालें. उलट, आहे तितक्याच जागा २०११ च्या वस्तीप्रमाणें वाटल्या तर केरळाच्या २० जागांच्या सुमारें १५ होतील आणि राजस्थानच्या २५ च्या सुमारें ३१. केरळ म्हणेल, "मीं मुलीं शिकविल्या, घरें लहान ठेविलीं, देशाचें सांगणें ऐकलें, त्याचें बक्षीस हें का?" राजस्थान म्हणेल, "माझ्या घरांतील माणूस माणूस नव्हे काय?" दोघांचेंहि म्हणणें रास्त आहे, आणि म्हणूनच हा तंटा अवघड आहे.

महाराष्ट्राची स्थिति या वादांत चमत्कारिक आहे. याच हिशेबानें त्याच्या ४८ जागांच्या फार तर ५० होतील. भाऊबंदकींत ज्याचा वाटा फारसा हलत नाहीं, त्यानें मध्यस्थी करावी असा रिवाज आहे. ती भूमिका महाराष्ट्रास शोभेल, आणि हैदराबादच्या काळीं तेलुगु व कन्नड भाषिकांशेजारीं एका राज्यांत राहिलेल्या मराठवाड्यास अधिकच शोभेल.

आमचें नम्र मत असें आहे. लोकसभा हें स्वयंपाकघर आहे. तेथें पानें डोकीं मोजूनच मांडलीं पाहिजेत, आज ना उद्यां तें टळणार नाहीं. परंतु तसें करावयाचें असेल तर त्याच वेळीं राज्यसभेंत शाखांचा मान वाढविला पाहिजे. तिच्या हातीं आज कांहीं अधिकार आहेत. घटनादुरुस्तीस तिची स्वतंत्र संमति लागते. राज्यांच्या यादींतील विषयावर संसदेनें कायदा करावा असें दोनतृतीयांश बहुमतानें ठरविण्याचा, व नवीन अखिल भारतीय सेवा निर्माण करण्यास वाट देण्याचा हक्क तिचाच. पण द्रव्यविषयक विधेयक ती केवळ चौदा दिवस जवळ ठेवूं शकते. अडवूं शकत नाहीं. शाखांची समता आपल्या देशांत अगदींच अपरिचित आहे असेंहि नाहीं. २०१६ च्या घटनादुरुस्तीनें निघालेल्या वस्तु व सेवा कर परिषदेंत केंद्राच्या मताचें वजन एकतृतीयांश व सर्व राज्यांचें मिळून दोनतृतीयांश आहे, आणि त्या दोनतृतीयांशांत मत देणारीं राज्यें समान धरलीं जातात. करासारख्या पैशाच्या बाबतींत जें पचलें, तें राज्यसभेंत कांहीं अंशीं आणून पाहण्यास हरकत नसावी.

वाचकांपैकीं सर्वांस हें मत पटेलच असें नाहीं. पटावें असा आग्रहहि नाहीं. मात्र पुनर्रचनेचा प्रश्न येईल तेव्हां वर्तमानपत्रांत पुष्कळ आरडाओरड होईल. त्या वेळीं घरांत एकानें तरी १९७१ चा व ताज्या शिरगणतीचा आंकडा शेजारीं शेजारीं लिहून भागाकार करून पाहावा. आमदारास मत देतांना राज्यसभेचेंहि मत आपण त्याच्या हातीं सोंपवीत आहों, हें ध्यानांत ठेवावें. आणि तें त्यानें कोणास दिलें, हें तो गांवीं आला म्हणजे त्यास सरळ विचारावें. मत उघडें असल्यामुळें तें त्याच्या पक्षास दाखवावें लागतें. मग ज्यांनीं त्यास निवडून दिलें त्यांनाच तेवढें तें कळूं नये, हें बरें दिसत नाहीं.